बाग राखायची की विकायची, आणि बाकीची विश्वं

पत्र देवगड तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं आहे. वय ३३. रत्नागिरीत फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत स्थिरावली. गावी आई-बाबा आणि हापूसची सव्वाशे कलमं. गेल्या वर्षी एप्रिलात, ऐन काढणीत, बाबा कलमावरून पडले. कमरेचं हाड मोडलं, आता काठी घेऊन चालतात. त्याच आठवड्यात ती घरी येणार होती. ऑफिसातलं काम निघालं आणि तिनं येणं रद्द केलं. आता बागेला गिऱ्हाईक आलंय. मुंबईच्या भावावर कर्ज आहे, तो म्हणतो विकून मोकळे होऊ, दिवाळीपूर्वी इसार घेऊ. तिला वाटतं नोकरी सोडून बाग आपण करावी, पण ठरत नाही. त्यातच ती क्वांटमच्या ‘मेनी वर्ल्ड्स’वरचे व्हिडिओ बघायला लागली. ती लिहिते: “मी काहीही ठरवलं तरी दुसऱ्या एका विश्वातली मी नेमकं उलट करणार. मग ठरवण्याला अर्थ काय? सगळं समीकरणानंच चालत असेल तर माझी इच्छा कुठे उरली? आणि कुठल्या तरी विश्वात मी त्या आठवड्यात घरी आले होते, बाबा झाडावर चढलेच नाहीत. मग मी नेमकी याच विश्वात का?” आई म्हणते, “देवाक इचारूया”, कौल लावू. त्यावर हिचं उत्तर: एका विश्वात उजवा पडेल, एका विश्वात डावा. तीन महिने झोप नीट नाही.

तू लिहिलंयस की अगंतुगं केलेलं आवडेल, म्हणून तसंच लिहिते. कॉलेजात मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय. त्यामुळे तुझ्या पत्रातला जो भाग दुसऱ्या कुणाला भलताच वाटेल, तोच मला आधी हातात घ्यावासा वाटतो. “ते फिजिक्स सोड, बागेचं बोल” असं मी म्हणणार नाही. ज्या विचारानं तुला धरून ठेवलंय तो पोरकट नाही. मोठमोठ्या माणसांनी त्यावर आयुष्यं घालवली आहेत. पण तू त्यातून जे काढलंस ते त्यातून निघत नाही, आणि ते मला तुला नीट सांगायचंय.

‘मेनी वर्ल्ड्स’ची कल्पना मांडणारा ह्यू एव्हरेट काय म्हणाला ते आधी पाहू. श्रोडिंगरनं १९२६ साली मांडलेलं समीकरण अणू-इलेक्ट्रॉनांना अचूक लागू पडतं, पण ते एकाच कणाला एकाच वेळी अनेक शक्यतांत ठेवतं. प्रयोगात मात्र दर वेळी एकच उत्तर दिसतं. कुठलं उत्तर किती प्रमाणात दिसेल याचा नियम मॅक्स बॉर्ननं त्याच वर्षी दिला, आणि तो आजवर प्रत्येक प्रयोगात टिकला. या दोहोंचा सांधा कसा जुळवायचा, यावर वाद आहे. कोपनहेगनची मंडळी, म्हणजे नील्स बोर आणि त्यांचे सहकारी, म्हणायची, मोजमाप झालं की बाकीच्या शक्यता गळून पडतात. १९५७ साली प्रिन्स्टनला जॉन व्हीलर यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या ह्यू एव्हरेटचा प्रश्न असा होता, की हे गळून पडणं समीकरणात आहे कुठे? काहीच गळू देऊ नका. मोजणारं यंत्र, मोजणारा माणूस, सगळ्यांनाच त्या समीकरणात घ्या. मग प्रत्येक शक्यतेबरोबर ती पाहिलेला एक-एक मोजणारा उरतो, आणि त्यांचा एकमेकांशी संपर्क राहत नाही. ‘अनेक विश्वं’ हे नाव पुढे १९७०च्या सुमारास ब्राइस डिविट यांच्या लेखनामुळे रुळलं.

हे मत एकटं नाही. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांनी १९५२ साली वेगळी वाट दाखवली, गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ साली आणखी वेगळी. आजवरच्या प्रयोगांनी एव्हरेटला ना सिद्ध केलंय, ना बाद. मला स्वतःला त्याची मांडणी आवडते. तिच्यात मोजमापासाठी वेगळा कायदा नाही, अणूला एक आणि माणसाला एक असा भेदभाव नाही. म्हणून या उत्तरापुरती मी ती खरी धरून चालते. खरी धरली तरी तुझा निष्कर्ष उभा राहत नाही.

विश्वाला फाटा फुटतो तो तू काहीतरी ठरवतेस म्हणून, ही तुझी पहिली समजूत. तसं एव्हरेटनं कुठेच म्हटलेलं नाही. आपल्या शरीरात पोटॅशियम असतं, शहाळ्याच्या पाण्यात असतं तेच. त्यातला अगदी थोडा अंश पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचे दर सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटतात. एव्हरेटच्या हिशेबात यातला प्रत्येक ‘आत्ता फुटला की नाही’ हा फाटा आहे. तू झोपलेली असतेस तेव्हा, एसटीत खिडकीशी बसलेली असतेस तेव्हा, हे चालूच असतं, आणि तुझ्या इच्छेला त्यात कुणी विचारत नाही. उलट ‘बाग ठेवू की विकू’ हा विचार चालतो मेंदूतल्या कोट्यवधी पेशींमधून, उबदार, ओल्या, सतत हिंदकळणाऱ्या जागेत. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे अशा पेशीतली क्वांटम द्विधा, म्हणजे एकाच वेळी दोन शक्यतांत असणं, सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात किंवा त्याहूनही लवकर विरते. पेशीला साधा एक संदेश धाडायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तू रात्र-रात्र जागून जी द्विधा सोसते आहेस तिचं आणि इलेक्ट्रॉनच्या द्विधेचं काही नातं नाही. तुझी द्विधा कारणांची आहे. बाबांची कंबर, भावाचं कर्ज, पुण्याचा पगार, सव्वाशे कलमं. यातलं एखादं कारण बदललं तर तुझा निर्णय बदलेल. इलेक्ट्रॉनकडे कारणं नसतात.

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. अणूंच्या पातळीवरची बारीक गडबड वाढत-वाढत मेंदूपर्यंत पोहोचू शकते, आणि एखादा निर्णय अगदी काट्यावर तोललेला असेल तर तो तिच्यामुळे इकडे किंवा तिकडे कलंडू शकतो. पण काट्यावर तोललेला असेल तरच. हे लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

फाटे सारख्या वजनाचे नसतात. व्हिडिओंत हे बहुधा सांगतच नाहीत, कारण ‘सगळं काही घडतं’ असं म्हटलं की ऐकणारा दचकतो आणि बघत राहतो. बॉर्नचा नियम एव्हरेटच्या जगातही सुटत नाही: प्रत्येक फाट्याला वजन आहे, काहींचं भरभक्कम, काहींचं इतकं कमी की त्याला हिशेबात धरणं व्यर्थ. ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइच यांनी १९९९ साली, आणि नंतर डेव्हिड वॉलेस यांनी अधिक खोलात जाऊन, असं दाखवायचा प्रयत्न केला की एव्हरेटला मानणाऱ्या शहाण्या माणसानं निर्णय घेताना हीच वजनं धरायला हवीत, जशी बाकीचे लोक शक्यता धरतात. त्यांची सिद्धता सगळ्यांना मान्य नाही. पण ‘दोन्ही घडतं, म्हणजे दोन्ही सारखंच’ असं एव्हरेटच्या बाजूचा कुणीही जाणता माणूस म्हणत नाही.

तुझ्या बाबांना हे शिकवावं लागणार नाही. मोहोर आला की तुडतुड्यासाठी, भुरीसाठी फवारणी करतात. केली म्हणून पीक हाती येतंच असं नाही. एक अवकाळी सर आली की केलेलं पाण्यात. न केली म्हणून झाडाला एकही आंबा धरत नाही, असंही नाही. तरी ‘दोन्ही होऊ शकतं, मग औषध कशाला’ म्हणत पंप खुंटीला टांगून बसलेला बागायतदार मी तरी पाहिला नाही. फवारणी प्रमाण बदलते, आणि सगळा धंदा त्या प्रमाणावर चालतो. एव्हरेटच्या जगात विचार करून घेतलेला निर्णय हेच काम करतो. तू चौकशी करून, कागद बघून, बाबांशी बोलून जे ठरवशील, ते ठरवणाऱ्या तुझ्याच पारड्यात जवळजवळ सगळं वजन पडेल. आणि न ठरवता काट्यावर बसून राहिलीस, तर कुणाचा तरी फोन, एखादी वाईट रात्र, भावाचा चढलेला आवाज, यांतलं काहीही तुला कुठेही ढकलेल. ‘सगळंच घडतं’ या भीतीनं निर्णय टाळणं, हीच ती एक रीत आहे जिनं तुझे फाटे खरोखर विस्कटतात.

इच्छेचा प्रश्न यातच येतो. हो, एव्हरेटचं जग एकूणात समीकरणानं बांधलेलं आहे, त्यात फासे नाहीत. पण फासे असते तर तू जास्त मोकळी झाली असतीस का? मेंदूत कुणी फासा टाकला आणि म्हणून तू बाग ठेवलीस, तर तो निर्णय तुझा कसा? मला विचारशील तर माणूस मोकळा असतो तो त्याचं वागणं त्याला जे माहीत आहे आणि त्याला जे मोलाचं वाटतं त्यातून निघतं तेव्हा. वेगळं काही कळलं असतं तर तो वेगळा वागला असता तेव्हा. हे बोमच्या जगात टिकतं, कोपनहेगनच्या जगात टिकतं, एव्हरेटच्याही टिकतं. ‘दुसऱ्या विश्वातली मी उलट करेलच’ हे वाक्य मला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ याचंच नवं रूप वाटतं. हरीच्या जागी विश्वं आली, खाटलं तेच.

आणि ज्यानं हे मांडलं त्याच्याकडे बघ. भौतिकशास्त्रज्ञांनी एव्हरेटला त्या काळी फारसं जवळ केलं नाही. १९५९ साली तो कोपनहेगनला नील्स बोर यांना भेटला, तिथेही जमलं नाही. त्याआधीच त्यानं विद्यापीठ सोडून अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं काम धरलं होतं: अणुयुद्धात कुठला पर्याय निवडला तर काय होईल, किरणोत्सारी धूळ कुठवर जाईल, याचे हिशेब. त्या कामाबद्दल माझं मत चांगलं नाही. पण सगळ्या शक्यता खऱ्या मानणारा माणूस रोज पर्यायांची तुलना करत होता, एवढं तरी त्यातून दिसतं.

आईच्या कौलाबद्दल तू फटकन बोललीस, असं मला वाटलं. कौल म्हणजे नेमकं काय होतं ते डोळ्यांसमोर आण. गुरव पाषाणाला पाणी लावून उजव्या-डाव्या बाजूला पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत बसतात की आधी कुठली सुटते. ती सुटते कशानं? ओलावा किती, पाकळी केवढी जड, दगड तिथे किती गुळगुळीत झालाय, समईची ऊब, दारातून येणारा वारा. लावली त्या क्षणीच यातलं बरंचसं ठरून गेलेलं असतं. फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. न ठाऊक असणं आणि खरोखर दोन फाटे असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा ‘एका विश्वात उजवा, एका विश्वात डावा’ हे तू ज्या ठामपणे आईला ऐकवलंस तितकं ते ठाम नाही. शिवाय गाऱ्हाण्यात घरावर काय वेळ आली आहे ते चार माणसांसमोर मोठ्यानं बोललं जातं. तुमच्या घरात ते अजून झालेलं नाही. निर्णय पाकळीवर सोडू नकोस, पण आईबरोबर देवळात जा.

आता एप्रिलातला तो आठवडा. याच्यापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण मला वाटतं बाकीचे सगळे प्रश्न तिथून आले आहेत.

तू म्हणतेस, कुठल्या तरी विश्वात मी आले होते आणि बाबा चढले नाहीत. हे विश्व तुला कुणी दाखवलं? समीकरणानं नाही. तुझ्या मनानं ते आज, सगळं कळल्यावर, काढलंय. त्या दिवशी तुझ्याजवळ काय होतं ते तुझ्याच पत्रात आहे: डोक्यावर आलेलं काम, आणि बाबांचा फोन की गडी आहेत, सावकाश ये. एवढ्या कारणांवर तू निर्णय घेतलास. तीच कारणं, तीच तू, तर अणूंच्या गडबडीनं ‘आलेल्या तुझ्या’ फाट्याला मोठं वजन मिळालं असेल असं मानायला काही आधार नाही. आणि समज, आलीच असतीस. मग काय? चाळीस वर्षं स्वतः कलमावर चढणारा माणूस, लेक आली म्हणून खाली बसला असता? मला तर उलट दिसतं: लेकीला चांगली पेटी भरून द्यायची म्हणून तो आणखी वरच्या फांदीला गेला असता. तू आलीस अशा जेवढ्या शक्यता आहेत, त्यांतल्या कित्येकांत बाबा तुझ्या डोळ्यांदेखत पडतात. तू त्या सगळ्यांतून एकच, सगळ्यात गोड, निवडून घेतलीस आणि आपल्या खऱ्या दिवसाला तिच्याशेजारी उभं केलंस. या तुलनेत कुठलाच खरा दिवस जिंकणार नाही.

तुझी काहीच चूक नव्हती, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि मुळात तो प्रश्न एका आठवड्याचा नसावा असा माझा अंदाज आहे. बाबांचं वय झालंय, चढायला माणूस मिळत नाही, हे घरात सगळ्यांना आधीपासून दिसत होतं आणि कुणी विषय काढला नाही. तू नाही, भावानं नाही, बाबांनी स्वतःही नाही. याची खंत वाटली तर ती खरी खंत आहे, आणि तिचा आज उपयोग आहे, कारण विषय न काढणं अजूनही चालूच आहे. दुसऱ्या विश्वातल्या बाबांपर्यंत तुला पोहोचता येत नाही. फाटे एकदा दुरावले की निरोप जात नाही. ‘मी याच विश्वात का’ याला वेगळं उत्तर नाही, तिथली तूही अगदी हेच विचारत असेल. इथले बाबा पडवीत बसलेले आहेत. “त्या आठवड्यात मी आले नाही, ते मला सलतं” हे वाक्य तू त्यांना बोलली आहेस का? पत्रावरून तरी दिसत नाही. आधी ते बोल. ते काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही.

मग बागेबद्दल विचार, आणि आई-भाऊ नसताना विचार. बाग कुणी करावी असं त्यांना वाटतं, की विकून सुटका हवी आहे? मुलं बापाच्या मनातलं गृहीत धरून एकमेकांशी भांडतात, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

इसाराआधी सातबारा आणि फेरफार काढून बघ. जमीन वडिलोपार्जित आहे की बाबांनी स्वतः घेतलेली, यावर पुष्कळ अवलंबून आहे. वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क जन्मानं मुलाइतकाच आहे, आणि २००५ साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय. बाबांची स्वकष्टार्जित असेल तर ते हयात असेपर्यंत शब्द त्यांचा. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं सामाईक निघाली, कोकणात ती निघतातच, तर दिवाळीचा मुहूर्त आपोआप पुढे जाईल. कुणी कितीही घाई केली तरी वकिलाला दाखवल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नकोस. हे तुझ्यासारख्या प्रत्येक वाचक मुलीला सांगते.

‘विकणं’ आणि ‘नोकरी सोडणं’ असे दोनच फाटे तू मांडले आहेस. मधले का नाहीत? एक हंगाम कर. डिसेंबर ते मे घरून काम मिळतं का ते ऑफिसला विचार, नाहीतर बिनपगारी रजा. सड्यावर रेंज येत नसेल तर बाजारात एखादी खोली बघ. मोहोरापासून पेटीपर्यंतचा एक हंगाम अंगावर घेतल्याशिवाय आपण बागायतदार होऊ की नाही हे कळणार नाही. पुण्यात बसून तर नाहीच. तेही जमत नसेल तर बाग एक वर्ष कराराने दे, पण लेखी, आणि कल्टार, म्हणजे मोहोर लवकर आणायचं औषध, किती घालायचं ते करारात लिहून घे. ठेकेदाराला यंदाचं पीक दिसतं, झाडाची पुढची वर्षं तुम्हाला बघायची आहेत. भावाची नड खरी असेल तर सगळी बाग न विकता एखादा तुकडा विकून ती भागते का, तेही बघा.

कलमावर चढणं मात्र बंद, कुणाचंही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे खालूनच आंबे काढायची जाळीची काठी, बहुतेकांनी पाहिलाय, तरी सवयीनं माणूस फांदीवर जातोच. फार उंच गेलेल्या कलमांची छाटणी करून ती खाली आणता येतात. दोन-तीन वर्षं उत्पन्न कमी होतं, म्हणून टप्प्याटप्प्यानं करतात. तुमच्याच तालुक्यात रामेश्वरला विद्यापीठाचं आंबा संशोधन उपकेंद्र आहे. तिथे बाबांना घेऊन जा.

झोपेचं मी शेवटी लिहिते आहे, पण तू ते आधी कर. तीन महिने झोप नसेल तर कुठलाही विचार वाकडाच जातो, फिजिक्सचाही. डॉक्टरला दाखव. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणखी कुणी वाचक ‘या विश्वात मेलो तरी दुसऱ्यात असेनच’ अशा विचारापर्यंत आले असतील, तर त्यांनी आजच हा नंबर फिरवावा. ज्या फाट्यातून तुम्ही जाल, तिथली माणसं जन्मभर रडतील. त्यांचं वजन एव्हरेटच्या हिशेबातही शून्य होत नाही.

भावाशी बोलशील तेव्हा फोनवर नको, त्याला एक शनिवार-रविवार गावी बोलव. बाबा काय म्हणाले ते आधी सांग, सातबारा पुढे ठेव, मग त्याला त्याच्या कर्जाचा खरा आकडा विचार. तो आकडा अजून तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, असा मला संशय आहे.